चोवीस आरे

इंदुमती जोंधळे मुलाकडे कॅनडात व्हिटबीला राहायला आल्या, त्या दिवशी विमानतळावरून घरी जाताना गाडीतच धम्मदीपने त्यांना सांगितलं, "आई, इथे मला दीप म्हणायचं हं. पूर्ण नाव लोकांना जड जातं."

"कोणाला? गोऱ्यांना?"

"सगळ्यांनाच," तो म्हणाला आणि त्याने लेन बदलली.

तेव्हा इंदुमती अडुसष्ट वर्षांच्या होत्या. नवरा शंकरराव जाऊन वर्ष झालं होतं. नांदेडचं घर विकलेलं होतं, त्यामुळे परत जायला जागा अशी नव्हती. त्यांना वाटलं, नाव तर नाव, काय बिघडतं. पण सहा महिन्यांत त्यांच्या लक्षात आलं की गोरे लोक धम्मदीप हे नाव जरा अडखळत पण प्रेमाने घेतात. ज्यांना ते नाव ऐकू जाऊ नये अशी मुलाची धडपड होती ती माणसं मराठी होती. जोंधळे या आडनावावरून काही कळत नाही. इथल्या मराठी मंडळातल्या लोकांनी आपल्या मनाने काय ते समजून घेतलं होतं आणि धम्मदीपने वीस वर्षं ते तसंच राहू दिलं होतं.

बुद्धाची मूर्ती दिवाणखान्यात होती, पण ती फर्निचरच्या दुकानातली. तशीच एक मंडळातल्या डॉक्टर नंदन यांच्या घरी वॉशरूमबाहेर होती. बाबासाहेबांची तसबीर मात्र बेसमेंटमध्ये, इंदुमतींच्या खोलीतल्या खणात. सून कोमल नागपूरची, तिच्या माहेरचा सगळा गोतावळा चळवळीतला. तिने एकदाच सांगितलं, "आई, मी सुरुवातीला भांडले. मग दमले."

धम्मदीप आणि कोमलची मुलगी ईरा. चोवीस वर्षांची, इथेच जन्मलेली. आणि त्या वसंतात ईराचं लग्न ठरलं होतं डॉक्टर नंदन आणि त्यांच्या पत्नी उमा यांच्या मुलाशी, तनयशी. दोघं युनिव्हर्सिटीत एकत्र होती. नंदन मंडळाचे अध्यक्ष. भूलतज्ज्ञ म्हणून निवृत्त झालेले, गोड बोलणारे. धम्मदीप त्यांच्याशी बोलताना जरासा वाकून उभा राहायचा. इंदुमतींना ते पहिल्या भेटीतच दिसलं होतं. शंकररावही शाळा तपासायला साहेब आले की असेच उभे राहायचे, पण ते घरी आल्यावर त्याबद्दल स्वतःलाच शिव्या घालायचे.

जुलैमध्ये नंदनकडे मंडळाची बैठक होती. पंधरा ऑगस्टला टाउन हॉलसमोरच्या खांबावर दिवसभर तिरंगा फडकवायची परवानगी मिळाली होती. ऑनलाइन मागवलेला झेंडा नंदनने टेबलावर पसरला. चकचकीत, घसरणाऱ्या कापडाचा. सगळे वा वा करत होते. इंदुमती चहाचा कप हातात घेऊन जवळ आल्या आणि म्हणाल्या, "चक्रात बावीसच आरे हायत की."

लोक हसले. नंदनने चष्मा लावला आणि लहान मुलांसारखं बोट ठेवत मोजलं. बावीसच होते.

"कमाल आहे! इंदुताई, तुमच्या कसं लक्षात आलं हो?"

इंदुमतींनी तोंड उघडलं. त्याआधीच धम्मदीप म्हणाला, "आई शिक्षिका होती ना. दर वर्षी झेंडावंदन."

शिक्षक शंकरराव होते. इंदुमतींनी बावीस वर्षं नांदेडला खादीच्या कारखान्यात झेंडे शिवले होते. मोठे, सरकारी इमारतींवर लागणारे. एका बाजूचं चक्र दुसऱ्या बाजूच्या चक्रावर बरोबर बसलं नाही, केसाएवढं जरी सरकलं, तरी झेंडा बाद व्हायचा. दिल्लीत कुठल्याशा कचेरीवर आपण शिवलेला झेंडा असेल, हे त्या कधीकधी एकटीच मनात म्हणायच्या आणि त्यांना बरं वाटायचं. त्यांनी मुलाकडे पाहिलं. तो टेबलावरच्या झेंड्याच्या घड्या घालत होता.

"मी शिवून देते," त्या म्हणाल्या. "सहा फूट बाय चार. खादी मिळाली तर बघा."

उमाची बहीण त्याच आठवड्यात पुण्याहून यायची होती. ती तिन्ही रंगांची खादी घेऊन आली.

तीन आठवडे इंदुमती बेसमेंटमध्ये मशीनवर बसल्या. चक्र त्यांनी हाताने भरायचं ठरवलं, निळ्या दोऱ्याने, दोन्ही बाजूंनी सारखं दिसेल असं. कागदावरचा नकाशा ईराने काढून दिला. कंपास घेऊन ती जमिनीवर पालथी पडली होती.

"तीनशे साठ भागिले चोवीस. पंधरा डिग्रीज ईच," ती म्हणाली. "आजी, व्हाय ट्वेन्टी-फोर?"

"तुमच्या झेंड्यावरच्या पानाला अकरा टोकं कशापायी?"

ईराने फोनवर शोधलं आणि हसली. "काही मीनिंग नाही. वाऱ्यात चांगलं दिसतं म्हणून. दॅट्स इट."

"आमच्या आऱ्यांना अर्थ हाय. तुझे पणजोबा सांगायचे—"

जिन्यावर धम्मदीप उभा होता. तो केव्हा आला ते दोघींनाही कळलं नव्हतं.

"दिवसाचे चोवीस तास," तो म्हणाला. "एवढंच आहे ते. ईरा, मॉम बोलावतेय."

ईरा वर गेली. तो खाली आला आणि हळू आवाजात म्हणाला, "लग्न होईपर्यंत फक्त. नंतर काय ते सांग तिला."

"तिला ठाऊकच नाही का, आपण कोण?"

"ती कॅनेडियन आहे. तिला कशाला ते ओझं?"

 मुलाच्या बोलण्यात थोडं खरं असेल असंही इंदुमतींना वाटलं. ओझं तर होतंच.

ऑगस्टच्या पहिल्या रविवारी नंदनकडे बार्बेक्यू होता. इंदुमती स्वयंपाकघरात उमाबरोबर काकड्या चिरत होत्या. मागच्या डेकवर पुरुष बसले होते आणि जाळीच्या दारातून सगळं ऐकू येत होतं. नंदन त्यांच्या मुंबईतल्या हॉस्पिटलमधला एक किस्सा सांगत होते. कोट्यातून आलेला सर्जन, त्याला अपेंडिक्स सापडेना, म्हणून पेशंटने टेबलावर उठून स्वतःच दाखवलं, वगैरे. सगळे खदखदा हसले. मग त्यांच्यात एक आवाज आला. धम्मदीपचा.

"आमच्या बॅचलापण होते तीन-चार. आम्ही म्हणायचो, बाबांनो, पूल बांधा, पण उद्‌घाटनाला आधी तुम्हीच खाली उभे राहा!"

या किस्स्याला नंदनच्या किस्स्यापेक्षा मोठा हशा मिळाला.

इंदुमतींची सुरी थांबली. त्यांना औरंगाबादची एसटी आठवली. इंजिनिअरिंगच्या प्रवेशाला शंकरराव आणि त्या दोघंही पोराबरोबर गेले होते. जातीचा दाखला भिजू नये म्हणून शंकररावांनी तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून सदऱ्याच्या आत, छातीशी धरला होता. सात तास. एकदाही हात काढला नव्हता.

"हे लोक इथेसुद्धा येऊन आपापली वेगळी असोसिएशन काढतात," उमा काकडीवर मीठ भुरभुरत म्हणाली. "इतकं मिळूनही रडगाणं संपत नाही. नाही का हो, इंदुताई?"

"मीठ जास्त पडलंय," इंदुमती म्हणाल्या.

पंधरा ऑगस्टला ऊन छान होतं. टाउन हॉलसमोर ऐंशीएक माणसं जमली होती. बायका पैठण्या नेसून, पुरुष कुडत्यांत. घडीच्या टेबलांवर खाण्याचे ट्रे मांडले होते. इंदुमतींनी पहाटे उठून केलेल्या धपाट्यांचा डबा त्यातच होता. मधल्या खांबावर मेपलचं पान होतं, आणि बाजूच्या खांबावर नंदनने दोरी ओढली तसा तिरंगा वर चढला आणि उघडला. खादी जड असते. ती चकचकीत कापडासारखी फडफडत नाही, सावकाश उलगडते. चक्र या बाजूने दिसत होतं तसंच पलीकडच्या फुटपाथवरूनही दिसत होतं. राष्ट्रगीत झालं. इंदुमतींच्या डोळ्यांत पाणी आलं. नंदनने सगळ्यांसमोर त्यांना वाकून नमस्कार केला.

टाउनतर्फे एक कौन्सिलरबाई आल्या होत्या. भाषण संपवताना त्यांनी विचारलं की हे चाक फारच सुंदर आहे, त्याचा अर्थ काय?

"ज्यांनी शिवलंय त्यांनाच विचारू या!" नंदन म्हणाले. "इंदुताई, या. ईरा, तू ट्रान्सलेट कर."

धम्मदीप दोन पावलं पुढे आला. "डॉक्टर, मी सांगतो ना, तिला स्टेजची सवय—"

"अरे, आईला बोलू दे," नंदनने हसून त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

ईराने माइक धरला. तिच्या शेजारी तनय उभा होता. इंदुमतींनी मुलाकडे पाहिलं. त्याने मान अगदी थोडी हलवली. नको. त्यांनी ते पाहिलं, आणि त्याच वेळी डेकवरचा तो हशा त्यांच्या कानांत होता.

"मी शिक्षिका नव्हते," त्या म्हणाल्या. "नांदेडला बावीस वर्षं झेंडे शिवत होते."

ईराने बाबांकडे एकदा बघितलं, पण भाषांतर केलं. कौन्सिलरबाईंनी कौतुकाने हात जोडले.

"हे चक्र सम्राट अशोकाच्या खांबावरचं. सारनाथला बुद्धांनी पहिल्यांदा उपदेश केला, तिथला खांब. धम्माचं चक्र."

ईराने सांगितलं.

"चोवीस आरे हायत. माझे सासरे सांगायचे, बारा आरे म्हणजे दुःख कसं होतं त्याच्या बारा कड्या. तेच बारा उलटे मोजत गेलं की दुःख कसं संपतं, ते."

ईराने हेही नीट सांगितलं. तिला ते आवडलेलं दिसत होतं. लोक माना डोलवत होते. इथे थांबता आलं असतं. एवढ्याने कोणालाच काही कळलं नसतं, आणि हे इंदुमतींना पक्कं ठाऊक होतं. पुढे कित्येक महिने त्यांनी स्वतःला हेच विचारलं की आपण तिथे का थांबलो नाही, आणि दर वेळी उत्तर एकच आलं. थांबायचं नव्हतं.

"सासऱ्यांनी छप्पन साली नागपूरला बाबासाहेबांमागोमाग बुद्धाचा धम्म घेतला."

"माय ग्रेट-ग्रँडफादर बिकेम अ बुद्धिस्ट इन नाइन्टीन फिफ्टी-सिक्स," ईरा म्हणाली.

मान डोलवणं थांबलं होतं. ईराला ते दिसलं नाही. ती आजीच्या तोंडाकडे बघत होती.

"कारण त्याआधी आम्ही अस्पृश्य होतो."

ईरा अडली. "आजी, तो वर्ड काय? आय डोन्ट नो दॅट वन." तिने हसून लोकांकडे बघितलं, मदतीसाठी. समोर ऐंशी मराठी माणसं उभी होती. एकानेही तोंड उघडलं नाही. धम्मदीप बुटांकडे बघत होता. कोमलने डोळे मिटून घेतले होते.

शेवटी तनय तिच्या कानाशी हळूच म्हणाला, "अनटचेबल."

"बिकॉज बिफोर दॅट वी वर अनटचेबल," ईराने माइकवर सांगितलं, आणि मग आपण काय बोललो ते तिचं तिलाच ऐकू आलं.

टाळ्या फक्त कौन्सिलरबाईंनी वाजवल्या.

त्यानंतर कोणीही वाईट वागलं नाही. नंदनने सगळ्यांचे आभार मानले. उमाने स्वतः इंदुमतींना खुर्ची आणून दिली, "उन्हात नका बसू" म्हणाली. लोकांनी इडल्या खाल्ल्या, मिठाई खाल्ली, हवापाण्याबद्दल बोलले. निघताना इंदुमतींनी आपला डबा उचलला तर तो जड लागला. पन्नास धपाट्यांतले अठ्ठेचाळीस तसेच होते. दोन कौन्सिलरबाईंनी खाल्ले होते.

चार दिवसांनी नंदनचा फोन आला. धम्मदीपने स्वयंपाकघरात उभ्यानेच घेतला. घर शांत होतं, त्यामुळे पलीकडचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता.

"दीप, तू मला ओळखतोस. आम्ही जातपात मानत नाही. आमच्या घरी कधीच मानली नाही. पण खोटं? वीस वर्षं तू आमच्या ताटात जेवलास आणि खोटं बोललास. उमाला त्याचाच धक्का बसलाय. उद्या पोरांच्या संसारात विश्वास कसा राहणार?"

"डॉक्टर, मी कधी खोटं असं बोललो नाही... मी येतो, आपण बसून—"

"नको. आत्ता नको," नंदन मऊ आवाजात म्हणाले. "आणि तो आईंचा झेंडा पोर्चवर ठेवून जाईन. आम्ही दुसरा ऑर्डर केलाय."

तनयने ईराला फोनही केला नाही. मेसेज पाठवला. त्यातही तेच होतं. की हे त्या गोष्टीबद्दल नाही, ट्रस्टबद्दल आहे. ईराने तो मोठ्याने वाचला, दोनदा, आणि तिसऱ्यांदा वाचताना तिचा आवाज फुटला. कोमलने तिला जवळ घ्यायला हात पुढे केला तर तिने तो झटकला.

धम्मदीप खाली बेसमेंटमध्ये आला. इंदुमती पलंगावर बसल्या होत्या.

"मुद्दाम केलंस."

"हो," त्या म्हणाल्या.

त्याला नकाराची अपेक्षा होती. 

"त्या दिवशी डेकवर तू बोललास ना, पुलाखाली उभे राहा म्हणून," इंदुमती म्हणाल्या. "तुझ्या बापाने दाखला छातीशी धरून तुला नेलं होतं, धम्मा. त्या दाखल्यावर तू इंजिनिअर झालास. मी ऐकत होते काकड्या चिरत."

"जोक होता तो! असं बोलावं लागतं! तुला काय माहीत इथे काय असतं? मी मंडळात नवीन होतो तेव्हा तिथे एक होता, अकाउंट्स बघायचा, त्याची जात कळल्यावर त्याला कसं हळूहळू सगळीकडून बाजूला काढलं ते मी बघितलंय. हसून हसून काढलं. मी माझ्या पोरीला त्यातून वाचवत होतो."

"नाही रे. तू तिला त्यांच्यातच ढकलत होतास."

"आणि तू काय केलंस?" तो ओरडला. "मला मारायचं होतं ना? मग मला मारायचं. माइक तिच्या हातात होता!"

इंदुमती पलंगावरून उठल्या.

ईरा जिन्यात उभी होती. ती इंग्रजीतच बोलली, भराभर, आणि इंदुमतींना त्यातलं निम्मंच कळलं. पण एक वाक्य तिने मराठीत सांगितलं, कळावं म्हणून. "तू मला इथे सांगू शकली असतीस, सर्कल काढताना. तू ते सगळ्यांसमोर माझ्या तोंडून बोलवलंस."

"बाळा, मला वाटलं—"

"डोन्ट," ईरा म्हणाली आणि वर गेली.

ऑक्टोबरमध्ये धम्मदीपने नॉर्थ यॉर्कला एका टॉवरमध्ये अकराव्या मजल्यावर त्यांच्यासाठी खोली घेतली. वयस्कर माणसांची इमारत होती. "तुझ्या वयाची माणसं मिळतील," तो म्हणाला. त्यांच्या वयाची माणसं पुष्कळ होती. इराणी, चिनी, रशियन. मराठी एकही नव्हतं, हिंदी समजणारी एक पंजाबी बाई होती, तीही डिसेंबरमध्ये गेली. सामान पोचवताना धम्मदीपने सगळं व्यवस्थित लावून दिलं, औषधांच्या डब्यावर वार लिहिले, मायक्रोवेव्ह कसा लावायचा ते तीनदा दाखवलं. निघताना वाकून पायाही पडला. मग महिन्यातून एकदा कोमल येऊ लागली. ती भाजी निवडून द्यायची, फ्रीज भरायची, आणि रडायला लागली की कोट चढवायची. तो स्वतः आला नाही.

इंदुमतींनी बाबासाहेबांची तसबीर समोरच्या भिंतीवर लावली. आता ती खणात ठेवायचं कारण नव्हतं. दार उघडलं की समोर दिसायची, पण दार उघडून येणारं कोणी नव्हतं. दिवसातले किती तास आपण बोललो नाही हे त्यांना संध्याकाळी घसा खाकरला की कळायचं. कधी त्यांना वाटायचं, आपण बोललो ते बरोबरच बोललो. मग ईराचा माइक धरलेला हात आठवायचा, लोकांकडे मदतीसाठी बघणारा तिचा हसरा चेहरा आठवायचा, आणि त्या उठून उगीच भांडी घासायला लागायच्या.

फेब्रुवारीत एका शनिवारी दुपारी बेल वाजली. दारात ईरा होती. बुटांवर बर्फ, हातात शिवणाचं मशीन.

"मॉम म्हणाली, तुला हे हवं असेल," ती म्हणाली. तिने मशीन खिडकीखाली ठेवलं. ती वाळली होती. इंदुमतींनी तिला बसवलं, चहा ठेवला, पोहे केले. ईराने थोडे खाल्ले. तनयचं दुसरीकडे जमलंय, असं तिने आपण होऊन सांगितलं, हवामान सांगावं तसं.

"तुझे बाबा बरे हायत?"

"फाइन. मंडळात जात नाही आता. ऑफिसमधले कोणी विचारतात तुझ्याबद्दल." ती थांबली. "डॅड सांगतो, तू इंडियाला परत गेलीस."

इंदुमतींनी खिडकीबाहेर बघितलं. व्हिटबी इथून गाडीने पाऊण तास.

"आणि तू? तुला कोणी विचारलं तर तू काय सांगतेस?"

ईराने उत्तर द्यायच्या आत तिचा फोन वाजला. तिने नाव बघितलं, उभी राहिली आणि भिंतीकडे तोंड केलं.

"हाय डॅड. नो, आय ॲम ॲट गौरांगीज. हां, तिच्या घरी. वी आर जस्ट हॅविंग लंच." तिचा आवाज मोकळा होता, हसरा, कुठेच न अडकणारा. "शुअर. बाय."

तिने फोन खिशात टाकला आणि परत बसून पोह्यांची बशी पुढे ओढली. आपण काही केलं असं तिच्या चेहऱ्यावर कुठेही नव्हतं. इंदुमती तिच्याकडे बघत राहिल्या. पंचवीस-सव्वीस वर्षांपूर्वी, नांदेडहून कॅनडाला निघालेल्या धम्मदीपचं तोंड असंच होतं, इतकंच तरुण.

"आजी, लिंबू आहे?" ईराने विचारलं.

इंदुमती उठल्या आणि त्यांनी लिंबू चिरून दिलं.